धानश्रीच्या बोडीचं पाणी

१

सोमवारी सकाळी सहा वाजता आमच्या सोसायटीची बोडी चोरीला गेल्याचं उघडकीला आलं. बोडी म्हणजे लहानसं तळं. ते कुठे जाणार, जागेवरच होतं. गेलं होतं ते पाणी. आदल्या संध्याकाळी कंबरभर भरलेली बोडी सकाळी नुसता चिखल होऊन पडली होती. पाळीला, म्हणजे तिच्या मातीच्या बांधाला, उत्तरेच्या टोकाला चार हात रुंद भगदाड होतं, आणि चिखलात शेकडो मासे मरून पडले होते.

मी अल्का कापगते. धानश्री गृहनिर्माण सहकारी संस्था, कामठा रोड, गोंदिया, घर क्रमांक पाच. सहकार खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली, त्यामुळे सोसायट्यांची भांडणं मला नवी नाहीत. गाडी लावायच्या जागेवरून सख्ख्या भावांना एकमेकांविरुद्ध अर्ज टाकताना मी पाहिलंय. पण आख्खं तळं एका रात्रीत रिकामं झाल्याची तक्रार माझ्या टेबलावर कधी आली नव्हती.

आमची चोवीस घरं धानाच्या शेतावर उभी आहेत. भोजराज टेंभरे यांनी बारा वर्षांपूर्वी ती जमीन विकली, एक घर स्वतःला ठेवलं आणि बोडीच्या पलीकडचं शेत अजून ते स्वतः करतात. त्यांच्या आजाने खणलेली बोडी मंजूर नकाशात सगळ्यांची मोकळी जागा म्हणून राहिली. तिच्याच जोरावर आमच्या विहिरी मे महिन्यातही तळ दाखवत नाहीत. आमचे अध्यक्ष केशोराव चुटे यांना मात्र ती बुजवून तिथे लग्नाचा लॉन करायचा होता. भरलेली बोडी बुजवायला दोन वर्षं कोणी हात वर करेना. त्यात घर क्रमांक अकराच्या प्रेमिला गजभिये हात धुऊन त्यांच्या मागे लागलेल्या. प्रेमिलाताई निवृत्त नर्स, एकट्या राहतात. 'नकाशाची प्रत द्या, सभासदाचा हक्क आहे' असे त्यांचे तीन अर्ज संस्थेच्या फाइलीत उत्तराविना पडून होते. बोडीत मासे पाळायला देवचंद नागपुरे या ढिवराला परवानगी मिळाली, तीही त्यांच्याच सूचनेवरून.

आठ वाजता सचिव मोहित जैस्वाल नोटिसांचा गठ्ठा घेऊन दारात आला. मला दिलेल्या कागदाच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत झेरॉक्सची काळी रेघ उमटली होती. येत्या रविवारी सकाळी दहाला विशेष सर्वसाधारण सभा. विषय एक, धोकादायक व कोरडी झालेली बोडी बुजवणे. विषय दोन, संस्थेच्या मालमत्तेचे नुकसान घडवून आणल्याबद्दल घर क्रमांक अकराचे सभासदत्व रद्द करण्याची कार्यवाही सुरू करणे.

"हे काय रे मोहित?"

"आंटी, मैं तो बस बाँट रहा हूँ. देवचंदने मासे पकडायला पाळ फोडली म्हणतात. आणि त्याला आणलं कोणी? प्रेमिला आंटींनीच ना."

तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच प्रेमिलाताई आल्या. त्यांच्याही हातात तोच कागद होता. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"अल्काताई, पस्तीस वर्षं खेड्यापाड्यांत बाळंतपणं केली, त्याचं ते घर आहे. उद्या सभासदत्वच गेलं तर त्या घरात मी कोण?"

"ताई, हकालपट्टी इतकी सोपी नसते. तीन चतुर्थांश मतं लागतात, वरून निबंधकाची मंजुरी लागते."

"मंजुरीचं नंतर पाहू. रविवारी तेवीस जणांनी माझ्याविरुद्ध हात वर केले, तर मी रोज सकाळी दार उघडून कोणाचं तोंड पाहू?" त्यांनी नोटिशीची घडी घातली. "मला दया नको. हे कोणी केलं ते मला पाहिजे. तुम्हाला जमेल?"

मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर बोडीवर निघाले.

२

माझे वडील अर्जुनी-मोरगावकडचे कोहळी. या भागातली कितीतरी तळी आमच्या लोकांनी बांधलेली, त्यामुळे इतर मुली भातुकली खेळत तेव्हा मी वडिलांच्या मागे पाळीवरून हिंडत होते. फुटलेली पाळ कशी दिसते हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

भगदाडाशी चारपाच जण कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांत भोजराजभाऊ होते. एरवी लांबूनच 'रामराम जी बाई' म्हणणारा माणूस आज माझ्याकडे न बघता बोलला.

"काय सांगू बाई, आजाची बोडी. खेकड्यायनं पार पोखरून ठेवली होती. रात्री फुटली आन् सारं पानी मायाच शेतातून गेलं."

"मग धानाचं नुकसान?"

"नाई जी, नशीब. भारे बांधून उचलले होते."

अध्यक्ष केशोराव पलीकडून आले. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. "खेकडे कसले घेऊन बसलात, भोजराज? चार हातांचं भगदाड खेकडे पाडतात काय? देवचंदचं जाळं पाळीवरच सापडलंय. काल सगळी सोसायटी कामठ्याच्या मंडईत नाटक पाहायला गेली होती. त्याने डाव साधला."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि नाटक सकाळपर्यंत चालतं. मीही गेले होते. चोवीस घरांपैकी वीस घरांना कुलपं होती. बोडीशी काय झालं ते पाहायला कोणी नव्हतं, इथपर्यंत केशोरावांचं म्हणणं खरं होतं.

ते गेल्यावर मी भगदाडातून पलीकडे उतरले. पाळीखाली भोजराजभाऊंच्या तीन बांध्या आहेत. बांध घालून पाडलेल्या धानाच्या तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो. भगदाडाच्या थेट खाली तिसरी बांधी. तिच्यात कापलेल्या धानाचे कडपे, म्हणजे मुठीमुठीने आडवे टाकलेले धान, ओळीने वाळत पडले होते. एकही कडपा जागचा हलला नव्हता. मी खाली वाकून एक उचलला. खालची माती कोरडी होती.

"काय झालं?" वरून प्रेमिलाताईंनी विचारलं.

"ताई, इथून पाणी गेलेलंच नाही," मी म्हणाले.

३

बोडीभर पाणी चार हातांच्या भगदाडातून सुटलं असतं तर ते कडपे थेट पलीकडच्या बांधाला जाऊन अडकले असते. म्हणजे भगदाड नंतर पाडलं, बोडी आधीच रिकामी होती. मग पाणी गेलं कुठून?

त्याआधी देवचंदला गाठणं भाग होतं, कारण लोक त्याच्या घराकडे निघण्याच्या बेतात होते. तो अंगणात फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसला होता. प्रेमिलाताईंना पाहून उभा राहिला.

"देवचंद, रात्री कुठे होता?"

"घरीच होतो जी. तापानं फणफणून राहिलो होतो. गवाही म्हनाल तं बायकोची. तिची कोन मानते?"

"जाळं पाळीवर सापडलं."

"ते तं रोजच तिथं असते. बाई, मी ढिवर आहो. मासे मारायले बोडी फोडली असती तं मासे चिखलात टाकून आलो असतो काय? पावपाव किलोचेच झाले होते. होरीनंतर किलोचे झाले असते." त्याने जाळं बाजूला टाकलं. "सकारी जाऊन पाह्यलं मी. एकबी मासा कोनं उचलला नाई. ज्यानं केलं त्याले मासे पाह्यजेच नव्हते."

मासा उचलला नाही, हे मी सकाळपासून पाहत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. कोहळ्याच्या पोरीला ढिवराने शिकवावं लागलं, याची मला जरा लाजच वाटली. शेकडो मासे, आणि उचललेला एकही नाही. बोडी रिकामी करणाऱ्याला फक्त रिकामी बोडी हवी होती.

 परत येताना रस्त्यात सोसायटीतल्या दोघी भेटल्या. रोज थांबून बोलणाऱ्या त्या बाया आज फोनमध्ये डोकं घालून निघून गेल्या.

"पाहिलं?" प्रेमिलाताई म्हणाल्या. "रविवार यायचाय अजून."

मला राग आला. केशोरावांवर आला, त्या दोघींवर आला, आणि दोन वर्षं या बाईचे अर्ज पडून असताना मी, कायदा जाणणारी, मजेत पेपर वाचत बसले होते त्याचाही आला. मी त्यांना घरी सोडलं आणि एकटीच पुन्हा बोडीवर गेले.

४

जुन्या तळ्यांना पाणी सोडायला पाळीच्या पोटात दगडी मोरी असते. लाकडी खुंटी ठोकून ती बंद करतात. आमच्याकडे तिला तुडुम म्हणतात. आता सगळ्यांच्या घरी नळ आल्यावर तुडुमची आठवण कोणाला राहणार? आमच्या बोडीला तुडुम आहे हे सोसायटीत कोणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

मी दक्षिणेकडच्या टोकाला बेशरमाच्या झुडपात शिरले. हाताला ओरखडे आले, साडी फाटली, पण तुडुम सापडलं. खुंटी घट्ट बसवलेली होती. फटींत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, कोंबून वर काळ्या मातीचा लेप दिला होता. माती ओली होती आणि तणीस यंदाची, पिवळी धमक.

चोर दार फोडून आत शिरला आणि जाताना कडी लावून गेला, असं झालं होतं. ज्याला नुसती नासधूस करायची तो तुडुम उघडंच टाकून जाईल. पाणी सोडून झाल्यावर मोरी नीट बुजवून, लेप देऊन जाणारा माणूस तळ्यावर वाढलेला असला पाहिजे. त्याच्या हाताला ती सवयच असते.

तुडुमातून निघालेली नाली पहिल्या आणि दुसऱ्या बांधीत उतरते. तिथलं गवत एकाच दिशेला झोपलं होतं. धानाच्या खुंटांमध्ये बोटाएवढ्या मासोळ्या मरून पडल्या होत्या. पाणी इथूनच गेलं होतं, यात शंका नव्हती. आणि या दोन बांध्यांत एकही कडपा नव्हता. धानाचे भारे बांधून उंच बांधावर रचून ठेवले होते. मी एका भाऱ्यात हात घातला. धान ओला होता आणि भारा आतून गरम लागत होता.

बांधावर नंदाबाई कांदाभाकर खात बसली होती. कापणीला येणाऱ्या बायांची ही मुकादम. मला ओळखते.

"नंदाबाई, हा धान कधी कापला?"

"शनवारी जी. तिन्ही बांध्या. आठ बाया होतो."

"आणि भारे?"

"इतवारी सकारी." तिने कपाळाला हात लावला. "मी सांगितलं भोजराजभाऊले, कडपे तीनचार दिवस वारू द्या, ओला धान बांधला तं सडते. ऐकतच नाई. म्हने, तुले मजुरी भेटून राहिली ना, मंग बांध."

"तिन्ही बांध्यांचे का नाही बांधले?"

"मीबी तेच म्हटलं. बांधाचे तं सारेच बांधा. तं म्हने, तिसऱ्या बांधीले हात नोको लावू, ते वारू दे."

मी तिच्या शेजारी बांधावरच बसले. एवढा वेळ मी पाणी कुठून गेलं ते शोधत होते, आणि उत्तर भाऱ्यांच्या रूपाने डोळ्यांसमोर रचून ठेवलेलं होतं.

५

पण एक गोष्ट जुळत नव्हती. भोजराजभाऊंनी आजाची बोडी का रिकामी करावी? लॉन केशोरावांचा होणार, मग यांनी आपलं शेत आणि आपली पाळ का खराब करावी? आणि त्यांच्या तोंडावर जाऊन विचारलं तर ते नाही म्हणणार. आणि नुसते ओले भारे बांधणं हा काही गुन्हा नाही.

दोन दिवस मी शेताभोवती फिरले. भोजराजभाऊंच्या शेताला तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांची शेतं आणि चौथ्या बाजूला आमची बोडी. रस्ता नाही. धान डोक्यावरून आणावा लागतो आणि शेताचे प्लॉट पाडायचे म्हटलं तर एकही पडणार नाही. बोडी बुजली आणि तिथून लॉनचा रस्ता निघाला, तर तो कुठपर्यंत जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

आता राहिले केशोराव. त्यांना धरायचं कसं? मी नोटीस पुन्हा काढून वाचली. कारकुनाची सवय, मजकुराआधी तारीख पाहते. नोटीस सोमवारची, सभा रविवारची. विशेष सभेला मधले पूर्ण पाच दिवस सोडावे लागतात. मंगळवार ते शनिवार, बरोबर पाच. एक दिवस उशीर झाला असता तर रविवार हुकला असता. केशोरावांनी कायदा अगदी काटेकोर पाळला होता. जो माणूस दोन वर्षं नकाशा दाखवत नाही, त्याला एकाएकी नियमांची एवढी काळजी कशी वाटली?

मग मी ती काळी रेघ पाहिली. गेली दहा वर्षं माझे सगळे अर्ज, पेन्शनचे कागद, भाच्याच्या लग्नाचा बायोडाटा, सगळ्यांवर हीच रेघ आहे.

गुरुवारी मी बाजारात अश्विनच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

"अश्विन, मशीनची रेघ अजून नाही काढली?"

"ड्रम बदलावा लागते मॅडम. चलता है."

"दुकान किती वाजता उघडतोस?"

"दस बजे. आप तो जानती हो."

"आणि रविवारी?"

"रविवारी बंद. का?"

मी त्याच्यासमोर नोटीस ठेवली. त्याने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "चुटेसाहेबांची आहे ही. मीच टाइप केली, चोवीस कॉपी. शनिवारी दुपारी." त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, कुछ लफडा है क्या? माझं नाव नका घेऊ."

"तुझ्या नावाची गरजच नाही," मी म्हणाले आणि नोटीस पर्समध्ये जपून ठेवली.

६

रविवारी दहा वाजता संस्थेच्या शेडमध्ये चोवीसच्या चोवीस घरं हजर होती. वार्षिक सभेला नऊ जण येतात. प्रेमिलाताई पहिल्या ओळीत बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी जाऊन एकीवर बसले.

केशोरावांनी विषय एक वाचला आणि म्हणाले, "चर्चेत वेळ घालवण्यात अर्थ नाही. बोडी फुटली, कोरडी पडली, पोरंबाळं पडून मरतील. हात वर करा."

मी उभी राहिले. "अध्यक्ष, विषयात 'कोरडी झालेली' असं लिहिलंय. कशी झाली ते मला सांगायचंय."

"ते पत्रिकेवर नाही."

"शब्द पत्रिकेवरचाच आहे. सभासदाला विषयावर बोलायचा हक्क आहे. मोहित, मी उभी राहून बोलले हे इतिवृत्तात लिहून घे."

मोहितने पेन उचललं. मी सांगायला सुरुवात केली. भगदाडाखालचे न हललेले कडपे, चिखलात न उचललेले मासे, झुडपातलं तुडुम, त्यावरचा ओला लेप, नालीतल्या मासोळ्या. शेडमध्ये निम्मे लोक शेतकऱ्यांची मुलं आहेत. त्यांना अर्थ उलगडून सांगावा लागला नाही. मागच्या ओळीतून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे पाळ कुदळीनं फोडली, पाणी गेल्यावर."

"मग मला एकच प्रश्न आहे, आणि तो भोजराजभाऊंना आहे," मी म्हणाले. "भाऊ, शनिवारी तुम्ही तिन्ही बांध्या कापल्या. रविवारी सकाळी दोन बांध्यांचे ओलेच भारे बांधून बांधावर चढवले आणि तिसरीला हात लावू दिला नाही. तुडुमचं पाणी ज्या दोन बांध्यांत जातं त्याच या दोन. बोडी तर रविवारी रात्री रिकामी झाली. पाणी कुठे येणार आणि कुठे येणार नाही, हे तुम्हाला सकाळीच कसं माहीत होतं?"

भोजराजभाऊ खाली मान घालून बसले होते. त्यांची बायको त्यांच्याकडे पाहत होती.

"हे पुरावे आहेत काय?" केशोराव उठले. "कोणी धान कधी बांधायचा हे आता सोसायटी ठरवेल?"

"नाही. पण ही नोटीस सोसायटीची आहे." मी कागद वर धरला. "सोमवारी सकाळी आठला ती आमच्या हातात होती. ही काळी रेघ बाजारातल्या झेरॉक्सची. तुमच्या सगळ्यांच्या घरी असले कागद असतील. ते दुकान सकाळी दहाला उघडतं आणि रविवारी बंद असतं. म्हणजे हा कागद उशिरात उशिरा शनिवारी निघाला. शनिवारी बोडी कंबरभर भरलेली होती. केशोरावजी, भरलेल्या बोडीला तुम्ही 'कोरडी झालेली' कसं लिहिलंत?"

सगळे आपापल्या नोटिसा काढून पाहू लागले. शेडभर कागदांचा आवाज झाला.

केशोरावांनी मोहितकडे पाहिलं. "नोटीस सचिव काढतो."

मोहित ताडकन उठला. "झूठ मत बोलिए. सोमवारी सात वाजता तुम्ही मला तयार गठ्ठा दिला. मैंने पढ़ा तक नहीं था, सिर्फ साइन किया."

"मग शेत कोणाचं, तुडुम कोणाच्या आजाचं?" केशोरावांचा आवाज चढला. "मला तुडुम काय असते ते माहीत नाही. ज्याचं त्याला विचारा. मला कशाला त्यात ओढता?"

तेव्हा भोजराजभाऊ उभे राहिले. अध्यक्षांनी आपल्याला असं एका वाक्यात सोडून द्यावं, हे त्यांना अपेक्षित नव्हतं. ते केशोरावांकडे पाहतच बोलले.

"तुमाले माहीत नोहतं, म्हनून तं माया घरी आलते तुमी. तीन डाव आलते. भोजराज, बोडी बुजली का तुया शेताले रस्ता भेटते म्हने. भरली बोडी बुजवू देत नाई लोक, कोरडी कर म्हने. देवचंदचं नाव लावू, त्याच्यासंगं ते बाईबी जाते म्हने." ते प्रेमिलाताईंकडे वळले, पण त्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत. "मी पानी सोडलं, पारबी मीच फोडली, बाई. आजाची बोडी होती, तरी सोडलं. पन कापलेला धान पान्यात जाऊ देनं नाई जमलं मले. तेवढं नाई जमलं."

 मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. या माणसाने रस्त्यासाठी बोडी मारली होती आणि दोन बांध्यांचा धान वाचवायला जाऊन स्वतःला पकडून दिलं होतं. तो धान तरी कुठे वाचला होता, भाऱ्यात सडत होता.

"बोडीची पार मी बांधून देतो," ते म्हणाले. "माया हातानं. देवचंदचे मासे भरून देतो." आणि खाली बसले.

केशोरावांनी दोन्ही मोबाइल खिशात घातले. "ठीक आहे. गैरसमज झाला. दोन्ही विषय मी मागे घेतो. सभा संपली."

लोक उठू लागले. सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटत होतं. आठवडाभर जे बोलले होते, जे नजर चुकवून गेले होते, ते आता घरी जाऊन जेवायला मोकळे होणार होते.

"बसा," प्रेमिलाताई म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत. पस्तीस वर्षं बाळंतिणींच्या नातेवाइकांना ज्या आवाजात बाहेर थांबा म्हणाल्या असतील, तोच आवाज होता. लोक बसले.

"विषय दोन मागे घेऊ नका. मागे घेतलेला विषय पुढच्या वर्षी परत येतो. माझं नाव कागदावर आलंय, चोवीस घरांत वाटलं गेलंय. आता मत घ्या. माझं सभासदत्व रद्द करायचं ज्याला वाटतं, त्याने माझ्यासमोर हात वर करावा."

"ताई, आता कशाला," कोणीतरी म्हणालं.

"मला मोजायचे आहेत."

त्या खुर्चीवरून उठल्या आणि सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मोहितने ठराव वाचला. प्रेमिलाताईंनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, घाई न करता. रस्त्यात फोनमध्ये डोकं घालणाऱ्या दोघींपैकी एक रडायला लागली. भोजराजभाऊंचे दोन्ही हात मांडीवर होते. केशोराव भिंतीकडे पाहत होते.

"किती झाले?" प्रेमिलाताईंनी मोहितला विचारलं.

"शून्य."

"अक्षरी लिही."

मोहितने लिहिलं. प्रेमिलाताईंनी चष्मा लावून ते वाचलं, मग इतिवृत्ताचं पुस्तक अध्यक्षांपुढे सरकवलं. केशोरावांनी सही केली. प्रेमिलाताईंनी सहीची शाई वाळू दिली आणि मगच पुस्तक मिटलं.

"आता विषय एक," त्या म्हणाल्या. "बोडी बुजवायची कोणाला आहे? आणि मत देण्याआधी मोहित, तो नकाशा आण. सगळ्यांना पाहू दे."

मोहित कपाटाची किल्ली घ्यायला केशोरावांपुढे हात पसरून उभा राहिला. केशोरावांनी खिशातून किल्ली काढून दिली.